एक्कावन्न पानांचा कॅट

हौगांग, सिंगापूर
गुरुवार, २१ जुलै २०१६

ती. नंदाताईस,

सुलेखाचा नमस्कार. भाऊजींनाही सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? मिरजेत पाऊस कसा आहे ते विचारत नाही, कारण तू रोज सकाळी फोटो पाठवतेसच.

आता तू म्हणशील, व्हॉट्सॲप असताना ही बाई पत्र कशाला लिहायला बसली. कारण आहे. या पाकिटात कागदांबरोबर एक छोटं पाकीट आहे, डिंकाने बंद केलेलं. त्यातली वस्तू फोनवरून पाठवता येत नाही. पण ते आधी उघडू नकोस. तुला दम धरवत नाही हे मला माहीत आहे, तळणीतली चकली निथळायच्या आत तोंडात टाकणारी तू. पण या वेळी ऐक माझं. पत्र संपल्यावरच उघड.

आम्ही सगळे ठीक. निशिकांतची बँकेतली नोकरी नेहमीसारखीच, सकाळी आठला जातो आणि रात्री आठला चेहरा दाखवतो. आज वल्लरीच्या शाळेत रेशियल हार्मनी डे होता, सगळी पोरं आपापल्या पद्धतीचे कपडे घालून जातात. तिने आजीची हिरवी इरकल नेसायचा हट्ट धरला. मी सकाळी विचारलं, "काय गं, कुठली साडी नेसणार?" तर म्हणते, "मम्मी, काल आपण ठरवलं ना, यू ओन्ली पिन्स लावून पाहिल्या लाह!" चौदा वर्षांची झाली तरी मराठीची अशी भेळ. मी म्हटलं, हो गं, गंमत केली तुझी.

गंमत नव्हती केली. असो.

ताई, आता ओरडू नकोस. मी कॅसिनोत जाते. गेलं दीड वर्ष, दर मंगळवारी. घरातून निघते ती लिटिल इंडियातून कोथिंबीर-मिरच्या आणायच्या नावाखाली, आणि तिथे न उतरता शेवटच्या स्टेशनपर्यंत जाते. परदेशी माणसाला आत जायला पैसे पडत नाहीत, पासपोर्ट दाखवला की झालं. पंजाबी ड्रेसमधल्या बाईकडे तिथे कुणी ढुंकूनही बघत नाही.

मी ब्लॅकजॅक खेळते. एकवीसच्या जवळ जायचं, पण पुढे जायचं नाही, एवढाच तो खेळ. पण त्यात पानं मोजता येतात, आणि ते मी लायब्ररीतल्या पुस्तकावरून शिकले. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान पडलं की मनात एक वाढवायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वीला काही नाही. दश्शी, चित्रं आणि एक्का पडला की एक कमी करायचा. आकडा चढत गेला म्हणजे मोठी पानं अजून आत आहेत, तेव्हा डाव मोठा लावायचा. पुस्तकात पन्नास पानं खर्च केली होती त्यावर, मला मात्र वाचता वाचता हसू आलं. अगं, हे तर आपलं मेंढीकोट! मेंढ्या, म्हणजे दश्श्या, किती गेल्या आणि कुणाकडे किती उरल्या, दुसरं काय? आई आपल्याला कान पिळून हेच शिकवायची. तू आणि मी भिडू, समोर आई आणि शेजारच्या कमलमावशी, आणि तरी आपल्यावर दर वेळी कोट. "नंदे, चौथी दश्शी सुलीच्या हातात आहे आणि तू हुकूम घालतेस?" सगळ्यांची पानं तिला दिसायची जणू.

घरी सराव असा करायचा: कॅट पिसायचा, एक पान न बघता बाजूला काढायचं, उरलेली एक्कावन्न भराभर मोजायची. अख्ख्या कॅटचं उत्तर शून्य येतं. एक्कावन्नचं एक अधिक आलं तर बाजूचं पान मोठं, शून्य आलं तर मधलं, एक उणे आलं तर लहान. मग उलटून बघायचं. मी सव्वीस सेकंदांत करायचे. तू टाळ्या वाजवल्या असत्यास.

म्हणशील, कशाला हे धंदे? दिवसभर घरात बसून कंटाळा येतो, नवऱ्यामुळे मिळालेल्या इथल्या राहायच्या पासवर मला नोकरी मिळणं अवघड, जरा थरार हवा होता.

हे खोटं लिहिलं. खोडत नाही, राहू दे.

आईची आठवण जायला लागली तेव्हा ती पन्नासची होती. मी आता अठ्ठेचाळीसची आहे. तू पंचावन्न ओलांडलीस आणि तुझं डोकं ठणठणीत आहे, त्याचा मला आनंद आहे आणि, खरं सांगते, हेवाही वाटतो. दोन वर्षांपूर्वी एकदा मला 'किसणी' हा शब्दच आठवेना. हातात किसणी धरून उभी, आणि शब्द नाही. तेव्हापासून रोज स्वतःला तपासते. सुडोकू केले, कोडी सोडवली, पण त्यात स्वतःला फसवता येतं गं. तिथल्या टेबलावर फसवता येत नाही. गोंगाट असतो, पत्ते वाटणाऱ्या मुलीचा हात सपासप चालतो, आठ कॅट एकत्र पिसलेले. तिथे आकडा धरून ठेवता आला म्हणजे मी अजून शाबूत आहे. मी दर मंगळवारी परीक्षेला जात होते, जुगाराला नाही. किराण्यातल्या वाचवलेल्या पैशांत भागत होतं, त्याची काळजी करू नकोस.

आणि दीड वर्ष मी पास होत होते.

परवा मंगळवारी अकराच्या सुमारास मी टेबलावर बसले. आकडा नऊपर्यंत चढला होता. नऊ म्हणजे मोठाच डाव. आणि एकदम सगळं पुसलं गेलं. नुसता आकडाच नाही, समोरच्या रंगीत चकत्यांचं काय करायचं तेही कळेना. पत्ते वाटणारी "मॅडम? मॅडम?" करत होती, हे ऐकू येत होतं. तेवढ्यात काळा कोट घातलेली एक तमिळ बाई आली, माझ्याच वयाची. म्हणाली, माझ्याबरोबर चला.

वाटलं, पकडलं. पानं मोजणं गुन्हा नाही, पण ते बाहेर काढतात, पासपोर्टची नोंद ठेवतात. निशिकांतच्या पासवर माझा पास, वल्लरीची शाळा, सगळं डोळ्यांसमोर आलं. आतल्या खोलीत तिने मला पाणी दिलं. मीच आधी बोलून टाकलं, "यस, आय वॉज काउंटिंग. आय अ‍ॅम सॉरी."

तिने समोरची स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर दोन फोटो होते, दोन्ही माझे, दोन्हींत अंगावर तोच पिवळा ड्रेस. एक अकरा वाजून पाचचा. दुसरा दोन वाजून वीसचा. "आँटी," इथे सगळ्याच बायकांना म्हणतात तसं ती हळूच म्हणाली, "सकाळी तुम्ही तासभर बसून बाहेर गेलात. आता परत आलात, आणि वीस मिनिटं नुसत्या पत्त्यांकडे बघत बसलाय. घरून कुणाला बोलावू का?"

मी म्हटलं, मी एकदाच आले. पायाशी माझी पिशवी होती. तिच्यातून कोथिंबिरीचा वास येत होता. दोन जुड्या, मिरच्या आणि लिटिल इंडियाच्या दुकानाची पावती, वेळ दुपारी एक वाजून दहा. ताई, मी ती कोथिंबीर घेतल्याचं मला आठवत नाही. मी मधे गेले कुठून, परत आले कशी, काहीच नाही.

त्यांनी मला चोर म्हणून पकडलं असतं तर किती बरं झालं असतं. ते पकडतात ज्यांचं डोकं चालतं त्यांना. मला त्यांनी टॅक्सीत बसवून दिलं.

निशिकांतला सांगितलेलं नाही. डॉक्टरकडेही गेले नाही. डॉक्टर कागदावर लिहील, आणि मग ते खरं होईल. मला मरणाची भीती वाटत नाही. मला वल्लरीची वाटते. आईकडून हे माझ्याकडे आलं असेल तर पुढे कुणाकडे जाईल? आज ती आईची साडी नेसून जिना उतरत होती आणि मी दाराशी उभी राहून रडत होते.

एक गोष्ट मला कधीच विचारता आली नाही. तू एकदा फोन केलास, "सुले, आई आज मेंढ्या विसरली." आणि मी हसले. म्हटलं, चला, एकदा तरी जिंकलीस! त्यानंतर तू मला काही सांगायचंच बंद केलंस. सात वर्षं तू एकटीने काढलीस आणि मी दहाव्याला पोचले. मला माफ कर असं म्हणायचीही लाज वाटते. पण आता सांग. ते पहिलंच होतं, की आधीही काही झालं होतं? तिला स्वतःला कळत होतं का?

आता छोटं पाकीट. काल मी कॅट पिसून एक पान न बघता त्यात घातलं आणि बंद केलं. मग उरलेली एक्कावन्न मोजली. घरी पान उलटलं की हल्ली मला वाटतं, मी हेच तर म्हटलं होतं. म्हटलं होतं की नाही, कोण सांगणार? म्हणून साक्षीला तू. तीनदा मोजली. दोनदा एक अधिक आला. तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबले, कुठवर आले तेच कळेना.

माझं उत्तर: मोठं पान. दश्शी, चित्र नाहीतर एक्का.

उघड. बरोबर असेल तर लगेच फोन कर आणि जुगारी म्हणून पोटभर शिव्या घाल. चुकलं असेल तर फोन करू नकोस. फोनवर तू "बरोबर आहे गं" म्हणशील, आईलाही तसंच म्हणायचीस, मी ऐकलंय. चुकलं असेल तर तिकीट काढ आणि ये. आईच्या वेळी मी आले नाही. तरी तू ये.

तुझी भिडू,
सुलेखा