धुतलेले दगड

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी सहाला उठले. आईला चहा दिला. टाकीतल्या पाण्याचा खारटपणा मोजला, बरोबर निघाला. माशांना खायला घातलं. नऊ वाजता आई शेजारणींबरोबर विहारात गेली. मला कंपनीला सुट्टी.

दादा, आपल्या थेरगावच्या घरात मी समुद्र आणलाय. पुढच्या खोलीत, तुमची लोखंडी कॉट होती तिथं, पाच फुटी काचेची टाकी आहे. आत खारं पाणी, दगड, डोलणारी प्रवाळं आणि सात मासे. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तुमचा पहिला प्रश्न तुमच्या लेकीला माहीत आहे: "वजन किती?" पाण्यासकट साडेसातशे किलोच्या आसपास. खालचा कोबा तुम्हीच घातलेला, म्हणून मी निर्धास्त होते.

टाकी जुनी आहे, वापरलेली. आमच्या कंपनीच्या ग्रुपवर तिचा फोटो आला होता. चाकण रस्त्याकडच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणारा आयटीतला मुलगा नोकरीसाठी परदेशी निघाला होता. त्याची अट एकच, जो टाकी नेईल त्याने मासेही न्यायचे, दुकानात विकायचे नाहीत. मी नुसती बघायला गेले आणि दोन तास खुर्चीवर बसून राहिले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी प्रवाळातून डोकं काढून माझ्याकडे बघत होती. मी फार बोलणारी नाही हे तुम्हाला माहीतच आहे. त्या दोघांनाही बोलायचं नव्हतं. आमचं जमलं.

टाकी लिफ्टमध्ये बसेना. तुमची स्कूटर दुरुस्त करायचे ते गॅरेजवाले चाचा आपले तीन मेकॅनिक घेऊन आले. "ताई, टेन्शन नको. आम्ही रोज इंजिन उचलतो, ही तर नुसती काच हाय." दुसऱ्या मजल्यावर घामाघूम होऊन त्यांनी टाकी टेकवली आणि विचारलं, "खरं सांगा ताई, याच्यात मगर ठेवणार का?" घरी आईने टाकीभोवती एक फेरी मारली. "एवढी मोठी परात, आन त्यातला खायचा एकबी न्हाई?"

स्टँड बसवायला मी तुमचीच लेव्हल काढली, पितळी पट्टीची, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. तेव्हा तुमच्या कारखान्यातला एक दिवस आठवला. कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात तो दिवस. मी सातवीत असेन. तुम्ही नवीन लेथ बसवत होता, सगळ्यांच्या बायका-पोरं लाडू खात होती आणि तुम्ही मला मशीनवर ठेवलेल्या लेव्हलमधला बुडबुडा बघायला लावलात. मी म्हणाले, "जवळजवळ मध्ये आहे." तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "जवळजवळ घरी म्हणायचं." मला रडू आलं होतं. आज मी चाकणच्या कंपनीत मोजमाप विभागात आहे आणि नव्या मुलांना तेच वाक्य ऐकवते. थोड्या सौम्यपणे. तर स्टँडखाली पातळ पत्रे सरकवत मी दीड तास घालवला. चाचा म्हणाले, "ताई, मासे काय मोजमाप घेणार हायत का?"

चूक झाली ती पुढेच. त्या मुलाने बजावलं होतं, दगड धुवायचे नाहीत आणि कोरडे पडू द्यायचे नाहीत. त्यांच्या भोकाभोकांत सूक्ष्म जीव असतात, माशांची घाण तेच पचवतात. ते मेले की पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासे जातात. म्हणून दगड त्याच्याच खाऱ्या पाण्यात, दोन निळ्या पिंपांत भरून आणले होते. मी हे चाचांना सांगितलं, मेकॅनिकना सांगितलं, टेम्पोवाल्याला सांगितलं. आईला सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी डांगे चौकात एक पाइप आणायला गेले. तासाभराने आले तर मोरीपाशी आई पदर खोचून बसलेली, हातात ब्रश, साबणाची पावडर. धुतलेले दगड लहान-मोठे लावून उन्हात वाळत घातलेले.

"काय घाण गं! मेल्यावानी वास. दादा असते तर दारातच धुतलं असतं. दुसऱ्या पिंपाचं झाकनच निघंना, न्हाईतर तेबी उरकलं असतं."

आता मला सांगा, दादा, चूक कुणाची? जुन्या बाजारातून पंखा आणा, टेबल आणा, सायकल आणा, उंबरा ओलांडायच्या आधी मोरीवर सोडा आणि रॉकेल. तुमचा नियम. आईने पन्नास वर्षं पाळला, आणि तो पाळून ती केवढी खूश दिसत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "चकाचक झालेत."

मग मागच्या दारी जाऊन त्या मुलाला फोन लावला. "मॅडम, धुतले? साबणाने?" "हो." "कोणी?" "आईने." मग म्हणाला, "काकूंना माझा नमस्कार सांगा." धुतलेले दगड आता वापरायचे नाहीत, झाकण न निघालेल्या पिंपातले तेवढे टाकीत लावायचे आणि पाणी सुधारतं का बघायचं, असं ठरलं. मासे आणि प्रवाळं त्याच्याकडे एका टबात होती. पण बारा दिवसांनी त्याला फ्लॅटची किल्ली परत द्यायची होती. तोवर आपलं पाणी तयार झालं नाही, तर ती जोडी ठेवायची कुठं?

रोज पहिल्या शिफ्टला निघण्याआधी मी छोट्या काचेच्या नळीत पाणी घ्यायची, औषधाचे थेंब टाकायची. पिवळं आलं तर चांगलं, हिरवं म्हणजे अमोनिया. तिसऱ्या दिवशी पोपटी आलं, पाचव्या दिवशी गडद हिरवं. आई रोज चष्मा लावून शेजारी उभी. सहाव्या दिवशी तिने विचारलं, "माज्यामुळं व्हय?"

"न्हाई गं. त्या नव्या पाइपामुळं."

त्यानंतर पाइपवाल्या दुकानदाराची धडगत नव्हती. "मेल्याला सांगून येऊ का? बाईमाणूस बघून कायबी गळ्यात मारतोय!" तिला चौकात जाण्यापासून अडवता अडवता माझी पुरेवाट झाली. नवव्या दिवशी रंग उतरायला लागला. अकराव्या दिवशी नळी धरली तर स्वच्छ पिवळं. पुन्हा केलं, पुन्हा पिवळं. आईने शेजारणीला दारातूनच ओरडून सांगितलं, "पास झालं!" संध्याकाळी तो मुलगा स्वतः बादल्या घेऊन आला. पिशवीतून सुटल्यावर जोडी कोपऱ्यात थिजून बसली. आई म्हणाली, "या, घाबरू नका, घर तुमचंच हाय." दुसऱ्या दिवशी प्रवाळं उमलली, आणि जोडी त्यांत शिरली. धुतलेले दगड कढीपत्त्याच्या आळ्याभोवती रचलेत. छान दिसतात.

आईशी खोटं बोलले, एवढंच तुम्हाला सांगायला बसले होते. पण लिहिता लिहिता दुसरंच आठवलं. शाळेच्या सहलीला कोकणात गेले तेव्हा मी डबाभर शंख आणले होते. दोन दिवसांनी तुम्ही ते गरम पाण्यात सोडा घालून धुतलेत, रेडिओवर ओळीने मांडलेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलेत, "पोरीनं समुद्र आणलाय." त्यातल्या एकात खेकडा होता, दादा. नखाएवढा, जिवंत. मी त्याला लपून भाताची शितं घालत होते. तुम्ही विचारलंत, "कसे झालेत?" मी म्हणाले, "छान." तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. मला तुमची भीती वाटायची. आईशी बोलताना ती नव्हती, एवढा फरक.

हा कागद पाण्याच्या रोजच्या रीडिंगच्या वहीतच राहील. टाकीतलं पाणी रोज बोटभर उडून जातं, तेवढं गोडं पाणी वरून घालावं लागतं. बादली भरून ठेवलीय. आई यायला अजून वेळ आहे. उठते, आणि मगाने थोडं थोडं ओतते.