हाकेचा लिलाव

बाई, परवा तुमचा लिलाव पुन्हा झाला. या वेळी चांदवडच्या शाळेत नव्हे, इथे नाशकात, खुर्च्या मांडलेल्या सभागृहात, आणि पुकारा करत होती टांझानियाहून आलेली एक मुलगी. तुम्ही असतात तर पदर खोचून पहिल्या रांगेत बसला असतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण काही चांगलं घडलं की अजून आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं, म्हणून लिहायला बसले.

माझा तो सूर्यास्त तुम्ही विसरला नसाल. आठवीत होते. 'समुद्रकिनाऱ्यावरील सूर्यास्त' हा निबंध मी गाईडमधून असा काही उतरवला होता की लाटा फेसाळत होत्या आणि क्षितिज चक्क लाजत होतं. तुम्ही मला सगळ्या वर्गासमोर उभं केलंत. "समुद्र पाहिलास का गं?" "नाही बाई." "मग न पाहिलेल्याची साक्ष कशाला देतेस? शाळेत कशी येतेस रोज?" मी खाली बघून सांगितलं, "लिलावाला निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून." "मग ते लिही." मी हळूच म्हटलं की ते निबंधात बसणार नाही. त्यावर तुम्ही म्हणालात, "नाही ना बसत? मग निबंध सोड. लिलावात लिही!" दुसऱ्या दिवशी मी टेबलापाशी उभी राहून वर्गातली फुटकी घंटा, खिडकीतली चिमणी आणि शेवटी तुमचा चष्मा लिलावात काढला. पोरं बाकांवर चढून बोल्या लावत होती. तुमचा चष्मा तुम्हालाच बोली लावून सोडवावा लागला. त्या दिवसापासून तुमच्या तोंडी माझं नाव 'सूर्यास्त' पडलं ते कायमचं.

मग दर शुक्रवारी नवं काहीतरी. कधी नुसतं भांडण लिहायचं, कधी भाजीवालीची आरोळी, कधी कोडं, कधी गेलेल्या माणसाला पत्र. पत्र तेवढं मला तेव्हा जमलं नव्हतं. तुमच्या स्वयंपाकघरात मी मटार सोलतेय, तुम्ही भाकरी थापताय आणि पाठमोऱ्याच बोलताय, "एका भांड्यात सगळा स्वयंपाक होतो का गं? आमटीला पातेलं लागतं, भाकरीला तवा. सांगायचं काय ते आधी बघावं, मग भांडं काढावं." मी कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, जाडजाड पुस्तकं वाचली. याहून कामाचं मला कुणी काही सांगितलं नाही.

आता माझं स्वयंपाकघर पंचवटीत आहे, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. दर शनिवारी तिथे चार-पाच पोरं येतात. कुणी सुदानचा, कुणी मलावीचा, सगळी इथल्या कॉलेजांत औषधनिर्माण नाहीतर संगणक शिकणारी, आणि सगळ्यांना लेखक व्हायचंय. खालच्या काकू पहिल्यांदा दचकल्या होत्या. आता त्याच वर पोह्यांचं ताट पाठवतात आणि विचारतात, "आज काय लिवलं पोरांनी?" मलावीचा मुलगा फक्त प्रेमकविता लिहायचा, इतक्या की मला उचक्या लागत. त्याला म्हटलं, रिक्षावाल्याशी रोज घासाघीस करतोस ना, तेवढंच लिही, बाकी एक ओळ नको. त्याने लिहिलं आणि हसून हसून आमचा चहा सांडला. त्यातच त्याची प्रेयसीही आली होती, रिक्षात शेजारी बसून.

पण ही टांझानियाची मुलगी हटून बसली होती. तिला कादंबरीच लिहायची होती, आणि तीही युद्धावर. पानंच्या पानं बंदुका, आग, पळणारी माणसं. प्रकाशकांकडून साभार परत येत होती. एका शनिवारी मी शेवटी विचारलंच, "युद्ध पाहिलंस का गं?" ती म्हणाली, "नाही मॅडम. आमच्या गावात भांडण फक्त माझ्या आजीचं, मासेवाल्याशी. पण आफ्रिका म्हटलं की लोकांना हेच पाहिजे ना?" मी म्हटलं, "लोकांना चुलीत घाल. आजी काय करते?" "संध्याकाळी दारात उभी राहून मला हाक मारते. न्जो! म्हणजे ये. पण हाकेची कादंबरी कशी होईल?" तिचे डोळे भरून आले. सभागृहात आमच्या वाचनाचा कार्यक्रम ठरला होता. ती म्हणाली, "हे वाचन शेवटचं. जमलं तर जमलं, नाहीतर मी औषधाच्या गोळ्या विकेन, पुन्हा पेन धरणार नाही." आणि ती म्हणते ते करते, हे मला ठाऊक होतं.

मी सगळ्यांना चांदवडला माझ्या भावाकडे, दादाकडे घेऊन गेले. दादाचा कांदा त्या दिवशी बाजार समितीत चालला होता. बाकीची पोरं ट्रॉल्यांवर चढून फोटो काढत होती. ही मात्र लिलाव पुकारणाऱ्याच्या मागेमागे, या ट्रॉलीपासून त्या ट्रॉलीपर्यंत. परत आली ती थेट विचारत, "मॅडम, हा माणूस श्वास कधी घेतो?" दादा म्हणाला, "घरी गेल्यावर." मी तिला काही सुचवलं नाही. देवाशपथ, तुमचा चष्माही सांगितला नाही.

आणि परवा ती व्यासपीठावर आली ती हातात कागद न घेता. मोडक्या मराठीत, पण त्याच ठेक्यात सुरू झाली, "बोला, बोला, बोला! माल एक नंबर! माझ्या आजीची हाक, समुद्रावरून आलेली, उन्हात वाळलेली, बोला! पैसे चालणार नाय! हाकेला हाकच पायजे!" एकही हात वर होईना. नाशिककर तसे शिष्ट, कार्यक्रमात खोकतानाही विचार करतात. ती पुन्हा पुकारते, मी खुर्चीचा हात घट्ट धरलाय. एक वार. दोन वार.

इतक्यात मागच्या रांगेत हात वर झाला. दादा! चांदवडहून मुद्दाम येऊन अर्धा कार्यक्रम डुलक्या काढत होता, पण पुकारा ऐकून त्याच्याच्याने राहवलं नाही. "थांब पोरी! माझ्या आईची हाक घे. लय मोठी व्हती. मळ्यातून पार पाटापर्यंत ऐकू यायची!" आणि मग बाई, धरण फुटलं. कुणी आजोबांची हाक लावली, कुणी होस्टेलच्या मावशींची. सुदानचा मुलगा अरबीतून ओरडला. खालच्या काकूंनी उभं राहून गेलेल्या नवऱ्याची, "अगं ए" एवढीच, लावली आणि मटकन खाली बसल्या. पोरगी एकेका बोलीला "न्जो! न्जो!" म्हणत होती, रडत होती, हसत होती. तीन वार तिने दादाच्या नावावर केलं. टाळ्या थांबेनात. मी जिंकले बाई, आपण जिंकलो!

बाहेर आल्यावर तिने पेनाबिनाचं काही काढलंच नाही. चपला घालता घालता नुसतं विचारलं, "मॅडम, पुढच्या शनिवारी काय लिहायचं?" मी म्हटलं, "मासेवाल्याशी भांडण."

हा कागद मी घडी करून पोळपाटाखाली ठेवणार आहे. तुमच्यापर्यंत तो पोचायचा नाही, पण शुक्रवारचं ते राहिलेलं पत्र तेवढं पुरं झालं. एक मात्र सांगते. त्या गर्दीत सगळ्यांचे हात वर होते, माझा नव्हता. माझ्यापाशीही एक हाक होती, "ए सूर्यास्त, उभी राहा!" खेळातसुद्धा ती माझ्याच्याने देववली नाही.