हेस्टरचं मरण आणि माझे सत्तावन्न टोले

लिटल ऑर्मली,
गुरुवार, दुपार

प्रिय मूरियलताईस,

एनिडचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला अजून मुक्कामालाच आहे असं कळलं. त्यांना कांद्याचा काढा दे, आणि नको म्हणाले तर दुप्पट दे. मी खुशाल आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण परवा मंगळवारी मी वारले अशी सगळ्या गावाची खात्री झाली होती. कुणी तुला तार केली असेल तर फाडून टाक.

आमच्या थ्रॅपस्टनसाहेबांना तू विक्षिप्त म्हणतेस. म्हण बापडी. चौदा कादंबऱ्या आणि पाच कवितासंग्रह (त्यातला एक सबंध चीजवर आहे, आणि तो टाइप करताना मी रडले आहे) लिहिणारा माणूस भिंतीला लावायच्या कागदाच्या उरलेल्या गुंडाळ्यांवर लिहीत असेल तर कुणाचं काय जातं? खुर्चीत बसून लिहिलेली वाक्यं जांभया देतात म्हणून ते उभ्याने लिहितात. प्रकरण संपलं की गुंडाळी बोळातून थेट स्वयंपाकघरापर्यंत उलगडतात, ती दाबायला कडेने बूट ठेवतात, आणि मी रांगत रांगत ती वाचून टाइप करते. अठरा वर्षं रांगते आहे. पण तुला सांगते, त्या कागदावरची माणसं आपल्या गावातल्या माणसांपेक्षा जास्त जिवंत असतात, आणि असा माणूस पुन्हा व्हायचा नाही.

या खेपेला हेस्टर होती. नदीवर होडी चालवणारी बाई. नवरा, पूर आणि सासू या तिघांनाही ती सहाशे पानांभर पुरून उरली. अकरा महिने मी तिच्या सोबत होते. आणि मंगळवारी साहेबांनी तिला तापाने मारलं! मग स्वतःच ढसाढसा रडले, काळा टाय बांधला आणि घराची किल्ली घेऊन बागेत गेले. बाबा गेले तेव्हा किल्लीने पेट्या ठोठावून मधमाश्यांना सांगायला तूच गेली होतीस, नाहीतर त्या रुसून उडून जातात. साहेबांच्या लेखी हेस्टर घरातलीच. त्यांनी पाचही पेट्यांना रीतसर सांगितलं आणि प्रत्येकीवर काळं कापड बांधलं (माझी चर्चला न्यायची छत्री त्यात गेली).

कुंपणापलीकडून बेडोजबाईंनी ते काळं कापड पाहिलं. घरात माणसं दोन. त्यातलं एक स्वतः पेट्यांपाशी उभं. हिशेब सोपा होता. मी आत टाइप करत होते तोच चर्चची मयताची घंटा वाजायला लागली. आधी बाईमाणसाचे सहा टोले, मग वयाचे. मी मोजत बसले. सत्तावन्न! बिचारी, पण बरंच जगली, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा. ताई, माझं वय बावन्न आहे.

घटकाभरात दार वाजलं. मी उघडलं, तर पाद्रीबुवा आणि मयताच्या जेवणाला म्हणून भलंमोठं हॅम हातात घेऊन बेडोजबाई.

"अगं बाई, तू उभी कशी?" त्या ओरडल्या. "अन् या हॅमचं मी आता काय करू?"

आतून साहेब आले. "कोण गेलं?"

"मी," मी म्हटलं.

"मग शेवटचं प्रकरण टाइप कोण करणार?" म्हणाले, आणि खरंच पांढरेफटक पडले. (हे मला फार लागलं. चांगल्या अर्थाने.)

खुलासा झाल्यावर त्यांनी हेस्टरच्या वतीने सगळ्यांचे आभार मानले आणि स्वयंपाकघरात तिचं मरण वाचून दाखवलं. पाद्रीबुवांनी रुमाल काढला. बेडोजबाई मात्र उसळल्या, "सहाशे पानं त्या पोरीचे हाल केलेत, आणि वर मारलीत? लाज नाही वाटत?" साहेब हळूच म्हणाले, "मलाही ती हवी होती हो. पण खरं तेच लिहायला लागतं." बेडोजबाई हॅम घेऊन घरी गेल्या.

मुलांना माझे आशीर्वाद.

तुझी,
एनिड

ता. क. : आता मुद्द्याचं. मला हेस्टरला मारवेना. शेवटची चार पानं मी टाइप केलीच नाहीत. त्यांच्या जागी माझी घातली. त्यात तिचा ताप उतरतो आणि ती चहा मागते. साहेब मघाशी ते पार्सल घेऊन पोस्टात गेले आणि मला इथे घाम फुटला. अठरा वर्षांच्या विश्वासाला मी हे फळ दिलं! खरी चार पानं आता टाइप करून सोबत ठेवली आहेत. तुझ्या पाया पडते, शनिवारी तुमच्याच शहरातल्या त्या प्रकाशकांकडे जा, काहीही थाप मार, आणि पानं बदलून ये. साहेबांना कळलं तर मी या घरातून जाईन, आणि मग जगून करायचं काय?

ता. क. २ : जाऊ नकोस. साहेब परतले. हेस्टरचा निरोप घ्यायला म्हणून त्यांनी पोस्टाच्या खिडकीपाशीच पार्सल उघडलं आणि मागे रांग खोळंबलेली असताना चारही पानं वाचली. "बॉटफील्डबाई," मला म्हणाले, "तापातून उठलेलं माणूस आधी चहा मागत नाही. खिडकी उघडायला सांगतं. तेवढं बदललं आणि पार्सल टाकलं." मग उकडलेली अंडी मागितली.

ता. क. ३ : पुस्तकावर नाव त्यांचंच येईल, आणि तेच योग्य आहे. शेवट कुणी लिहिला ते भावोजींनाही सांगू नकोस. हे पत्र वाचून लगेच जाळून टाक.

ता. क. ४ : जाळू नकोस गं. आईच्या दागिन्यांच्या डबीत ठेव.