न फिरवलेल्या अकरा तबकड्या

प्रति,
गुणवत्ता अधिकारी,
धातू तबकडी विभाग

विषय : तबकडी क्र. ३१ ते ४१ पैकी एक कापू देण्याबाबत; ते शक्य नसल्यास मला सहीतून मोकळे करण्याबाबत.
संदर्भ : माझे दि. ३ व दि. ९ चे अर्ज आणि त्यांवरील आपला 'पाहिले' हा शेरा.

महोदय,

१. क्ष-किरण खोलीत मी तबकड्यांमधील धातूच्या कणांची दिशा तपासते. वरील अकरा तबकड्या उद्या गाडीत चढणार आहेत. प्रमाणपत्रांवर माझी सही नाही.

२. लाटताना प्रत्येक फेरीनंतर तबकडी पाव वळण फिरवावी लागते. न फिरवल्यास आतले कण एकाच बाजूला कलतात. भट्टीत तापवल्यावर वरून सगळे आरशासारखे दिसते, आतला कल मात्र जात नाही. ग्राहक या तबकडीचे कण उडवून यंत्राच्या भागांवर धातूचा पातळ लेप बसवतात; आत कल असला की तो लेप कुठे जाड, कुठे पातळ होतो. हा लेप ज्या यंत्रात जाणार, ते नवजात बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवते, असे ग्राहकाच्या पत्रात आहे. ते पत्र मी वाचायला नको होते.

३. नियमाप्रमाणे फक्त वरचा पृष्ठभाग तपासायचा असतो. मी काठाचा टाकाऊ तुकडा मधोमध चिरून पाहिला. कल स्पष्ट आहे. त्यावर, तुकडा म्हणजे तबकडी नव्हे, असे तोंडी कळवण्यात आले. तबकडी कापायला ती आधी सदोष ठरावी लागते, आणि सदोष ठरवायला कापावी लागते.

४. आता जे लिहायचे टाळत होते ते लिहिते. लाटणयंत्रावर त्या दिवशी माझे पती होते. पाळणाघर सहाला बंद होते. मला बैठकीत थांबवून ठेवले होते आणि तिथे असलेल्या आमच्या बाळाच्या अंगात ताप होता. त्यांनी अकराही तबकड्या न फिरवता उरकल्या व ते धावले. बाळाचे मोजे चढवता चढवता, दूध संपलंय म्हणावे तशा आवाजात, त्यांनी हे मला सांगितले.

५. फोरमनसाहेबांकडे गेले तर म्हणाले, "वहिनी, घरचं भांडण घरातच मिटवा की!" नोंदवहीत फिरवण्याचा रकानाच नाही. पत्नी म्हणून माझे म्हणणे ग्राह्य नाही, आणि दुसरा तपासनीस नसल्याने सही मात्र माझीच हवी. सही केली तर मी खोटी. न केली तर बोट माझ्या पतीकडे जाते. ते वाईट कामगार नाहीत, साहेब. त्या दिवशी मी वेळेवर निघाले असते तर त्यांनी प्रत्येक तबकडी फिरवली असती.

६. तरी एकच तबकडी कापू द्यावी. माझे चुकले असेल तर तिची भरपाई माझ्याकडून घ्यावी.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
तपासनीस, क्ष-किरण खोली
दि. १४, बुधवार

सोबत :
१) चिरलेल्या तुकड्याचा आलेख
२) सही नसलेली अकरा प्रमाणपत्रे
३) पतीचा लेखी जबाब. तो त्यांनी आपणहून दिला आहे. देऊ नका, असे मी त्यांना दोनदा म्हटले, हेही नोंदवून घ्यावे.