काशम्माचे इंग्रजी

नवी पेठ, सोलापूर
ता. ९ डिसेंबर १९२८

चि. शिवपुत्र यास अप्पाचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचा खोकला उतरला आहे. कानडी मला लिहिता येत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे मराठीत.

हुबळीच्या वसतिगृहात घ्यावे म्हणून तुझ्या काशम्माला थोडे इंग्रजी शिकवा, असे तू लिहिलेस. शिकवतो आहे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "पुस्तक नको आजोबा, खेळ खेळा. तोंडानं म्हणायचं आणि तसं करायचं." म्हणून मी 'सिट डाऊन' म्हणत खाली बसतो, 'स्टँड अप' म्हणत खांबाला धरून उठतो. तुझी आई म्हणते, "म्हातारपणी तालीम लावली की तुमी." पोर माझ्याबरोबर मुकाट उठते-बसते. परवा मला उठायला वेळ लागला, तर तिनेच हुकूम सोडला, "स्टँड अप, अज्जा."

तुला वाटेल, यात काय एवढे. शिवपुत्रा, सूनबाई गेल्यापासून पोरीने काढलेला हा पहिला शब्द. तोवर कानडी नाही, मराठी नाही. तू तिकडे एकटा, घोर लावून घेशील, म्हणून कळवले नव्हते.

आपल्या लिंगायतांत सुतक नाही, रडणे नाही. माणूस शिवाला मिळाले म्हणायचे. त्या दिवशी पोर आईला 'अव्वा, अव्वा' अशा हाका मारू लागली, तेव्हा आम्ही सर्वांनी तिला तेच सांगितले. गप्प राहा, हाक मारू नये. तूही मान हलवलीस. तिने ते फार मनावर घेतले.

काल तिने अंगणात खड्डा केला. चिंध्यांची बाहुली त्यात मांडी घालून बसवली, आपण माणूस पुरताना बसवतो तशी. "सिट डाऊन, अव्वा," म्हणाली आणि माती लोटली. थोडी थांबली. मग "स्टँड अप" म्हणाली. पुन्हा म्हणाली. बाहुली उठेना, तशी हंबरडा फोडून रडायला लागली. तुझी आई धावली, "गप गं, असं करू न्हाय." मी तुझ्या आईचा हात धरला. म्हटले, रडू दे की.

रडून रडून झोपली. उठल्यावर कानडीत पाणी मागितले.

हुबळीचे आता राहू दे. इंग्रजी येवो, नाहीतर न येवो. रागावू नकोस, पण उत्तर लवकर धाड, मला झोप नाही. त्या दिवशी तू कोरड्या डोळ्यांनी गदगची गाडी धरलीस, तो अजून आला नाहीस. ये. घरात तुला कोणी गप्प राहा म्हणणार नाही.

दारात बसून असलेला,
तुझा अप्पा