तुमचा आवाज त्यांनी बंद केला

बाबा, तुम्ही घेतलेला ब्लू-रे प्लेअर अजून चालतो, पण गेल्या महिन्यापासून त्यानं तुमचा आवाज बंद केला आहे. बिघाड झालेला नाही, मुद्दाम बंद केला आहे. बिघाड असता तर शंकर नगरात दुरुस्तीला टाकला असता आणि तुम्हाला लिहीत बसले नसते.

तुमचा आवाज ज्या डिस्कवर आहे, ती तुम्ही पाहिलीच नाही. ती तयार होऊन आली तेव्हा तुम्ही गेला होता. रविवारी दुपारी तुम्ही आईला इंग्रजी फिल्म दाखवायचे आणि शेजारी बसून आपल्या बोलीत समजावून सांगायचे. इंग्रजी तुम्हालाही बेताचंच, त्यामुळे अर्धी गोष्ट तुमच्या पदरची. एका रविवारी मी हळूच कॅमेरा लावून ठेवला. त्यात फिल्म दिसत नाही, नुसती मागून ऐकू येते. दिसता तुम्ही दोघं, दिवाणावर, आणि तुम्ही हातवारे करत सांगताय. तुमचा आवाज आमच्याकडे एवढाच आहे. दर स्मृतिदिनाला खीर झाली की आई ती डिस्क लावायला सांगते.

यंदा माझ्या मुलीनं एक नवी फिल्म आणली. डिस्क आत घातली तर प्लेअर म्हणतो, आधी अपडेट करा, नाहीतर चालणार नाही. मला तेव्हाच खटकलं. डिस्क विकत आणलेली, प्लेअर विकत घेतलेला, घर आपलं. मग परवानगी कोणाची? पडद्यावर ‘हो’ आणि ‘नंतर’ एवढंच होतं, ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. तुम्ही स्टेशनच्या पार्सल ऑफिसात सील बोटांनी चाचपल्याशिवाय सही करत नव्हता. मी एकदा कुरियर न उघडता सही करून घेतलं, तर दारातच झापलं होतं, “आत काय हाय ते पाह्यलं काय? मंग सही काहून केली?” पण मुलगी म्हणाली, “मम्मी, कर दो ना, सबको करना पड़ता है.” आणि मी बटण दाबलं. सगळ्यांना करावं लागतं हे ऐकून तुम्ही तर प्लगच काढला असता.

स्मृतिदिनाला डिस्क लावली. थोडा वेळ तुम्ही बोललात आणि मग एकदम गप्प झालात. तोंड हलतंय, हात हलतायत, आवाज नाही. वर एक पट्टी आली की हा मजकूर संरक्षित आहे, म्हणून आवाज बंद केला आहे. कंपनीला फोन लावून, बरंच खोदून विचारलं तेव्हा कळलं. फिल्मच्या आवाजात कानाला न कळणारी खूण पेरलेली असते. नव्या अपडेटनं प्लेअरला ती ओळखायला शिकवलं आणि त्यानं आपली घरची डिस्क चोरीची ठरवली. फोनवरची बाई विचारते, “मैडम, डिस्क ओरिजिनल है क्या?” मी म्हटलं, त्यात माझे वडील आहेत. तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. फुटपाथवरच्या डिस्कला तुम्ही कधी हात लावला नाही, पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरला नाहीत. त्या तुम्हाला चोर म्हटलं त्यांनी. मला भयंकर राग आला, अजून आहे. अपडेट मागे घेता येतं का, तर तेही नाही.

मुलगी म्हणते, लॅपटॉपवर आवाज निघेल. पण ते करून बघण्याआधीच, गेल्या रविवारी आईनं डिस्क तशीच लावायला सांगितली. मी म्हटलं, मुकं काय बघायचं? ती म्हणाली, “लाव तं.” आवाज गेला आणि तिनं तुमच्या हातवाऱ्यांबरोबर सांगायला सुरुवात केली. शब्द तुमचेच, अडखळणं नाही. एका जागी थांबली. “इथं ते सांगून राहिले का पिच्चरमधल्या त्या मानसाची बदली झाली, बिलासपूरले.” मग पदरानं चष्मा पुसत म्हणाली, “मेला होता तो. मले तवाच समजलं होतं.”

मी विचारलं, “मंग बोलली काहून नाही?”

“ते येवढ्या मायेनं सांगून राहिले होते. काय बोलू?”

मी कॅमेरा लावला त्या रविवारी तुमच्या मोठ्या आजाराचा रिपोर्ट येऊन गेला होता, बाबा. तो तुम्हाला आणि मला, दोघांनाच माहीत होता. आईला आपण अ‍ॅसिडिटी सांगितलं होतं, आणि ती रोज तुमच्यासाठी बिनतिखटाची भाजी करत होती, एका शब्दानं काही न विचारता. तेव्हा मला वाटायचं, किती भोळी आहे. आता तिच्या प्रत्येक भाजीचा मला संशय येतो. तुला माहीत होतं का, असं विचारलं तर ती नुसतं “हव” म्हणेल आणि उठून स्वयंपाकघरात जाईल. ते “हव” ऐकायची माझी हिंमत नाही, म्हणून तिच्याशी बोलायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसले आहे.