खाचरातला बांध

महाड, रविवार संध्याकाळ, जानेवारी १९७९

हंगाम संपला. अलिबागला फायनल एका गोलने हरलो, पण आमचं कॉलेज फुटबॉलमध्ये तिथवर याआधी कधी गेलंच नव्हतं! मान ताठ आहे.

खुपतंय ते वेगळंच. सेमीफायनलला दत्तू बॉल घेऊन सुटला आणि मध्यरेषेवर येताच बॉल पायाने वर उचलून त्याने चक्क उडी मारली. समोर काहीच नसताना! लोक खो खो हसले. मी कॅप्टन. सगळ्यांदेखत त्याला बावळट म्हणालो. का म्हणालो? पाचच मिनिटांत त्याच जागी मीही उडी मारली.

दिवाळीपासून आमचा सराव दासगावला, दत्तूच्या वडिलांच्या भात कापलेल्या खाचरांत. मधोमध गुडघाभर बांध. तो ओलांडायची सवय पायांत मुरलेली, सपाट मैदानावरही जाईना.

पण दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा गडी आडवा पाय घालायला आला की आमचा बॉल वर, आणि आम्हीही वर. तीन गोल! हसणारेच टाळ्या पिटायला लागले. त्या उडीला मी बावळटपणा म्हणालो होतो.

आज पेढे घेऊन दत्तूकडे गेलो. वडिलांसमोरच त्याची माफी मागितली. तो नुसता हसला. वडील म्हणाले, "तो बांध तुमाला आडवा येतो नाय? दोन्ही खाचरं माझीच हायत. काढून टाकतो यंदा."

माझं हे शेवटचं वर्ष. पुढच्या संघात मी नसेन. तरी दत्तूच्या आधी मीच ओरडलो, "नको काका, राहू दे!"